कॅन्टीनचे अर्धे शब्द

माझं तोंड फटकळ आहे, हे सातपूरच्या आमच्या कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. बावीस वर्षं मी तिथलं कॅन्टीन सांभाळते. चपाती जाड झाली म्हणून कुणी नाक मुरडलं, तर "घरी बायकोसमोर असं तोंड करून दाखव" असं साठ माणसांत सुनावते. साहेबलोकांनाही सोडत नाही. पण कुणाच्या पोटातली गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडली नव्हती. कुणाच्या घरात काय बिनसलंय, कुणाला कसली धास्ती आहे, हे मला जेवणाच्या ताटावरून कळायचं आणि माझ्यापाशीच राहायचं. म्हणून ती माणसं माझ्यासमोर मोकळेपणी बोलत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्याच तोंडानं झालं.

आमची कंपनी गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहान पार्ट बनवते. प्रेस शॉपमध्ये चौदा पॉवर प्रेस आहेत. त्या सुरू झाल्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ओरडलं तरी शब्दाचा पुढचा भाग तेवढा पोचतो, मागचा आवाजात जातो. त्यात माणसं चारी दिशांची. कुणी सटाण्याकडचा, कुणी पेठचा, कुणी थेट बिहारचा. सगळ्यांना सारखे येणारे शब्द म्हणजे कॅन्टीनच्या फळ्यावर लिहिलेले. त्यामुळे मी यायच्या आधीपासूनच तिथं खाण्याच्या शब्दांचे तुकडे करून बोलायची रीत पडली होती.

कुणी "चप" म्हणून ओरडलं, की साहेब फेरीवर निघालाय. चपातीतला चप. तव्यावर पडल्यासारखं सगळ्यांनी आपापल्या जागी गप्प बसायचं. "मिस" म्हणजे मिसळ, म्हणजे दोघांची जुंपलीय. "पोह" म्हणजे गडी रजेवर आहे, मुलगी बघायला गेलाय. "साबु" म्हणजे कामचुकार, त्याचा रोजच उपास. "जिल" म्हणजे अर्ज ऑफिसात नुसता फिरतोय, जिलबीसारखा. "उस" म्हणजे ओव्हरटाइम, कारण जादा थांबणाऱ्यांना पूर्वी कंपनी उसळ-पाव देत असे. असे चाळीसेक शब्द होते. नवा माणूस महिनाभर बावळटासारखा बघत राही, आणि एक दिवस त्याच्याच तोंडून "चप" निघे. त्या दिवशी तो आमचा झाला असं आम्ही समजायचो.

आणि एक शब्द होता "खिच". आजाऱ्याला घरी मऊ खिचडी देतात, त्यावरून. एखाद्याला खरोखर जमेनासं झालं, ताप असो, घरात मयत झालेली असो, काहीही असो, की कुणीतरी त्याचं नाव घेऊन "खिच" म्हणायचं. मग जवळचा माणूस उठून त्याच्या प्रेसवर बसायचा आणि तो माणूस बाजूला बसून हलकं काम करायचा. किती दिवस हे विचारायचं नाही. त्याच्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. आणि वर ऑफिसात कळू द्यायचं नाही. हा शब्द इतर शब्दांसारखा ओरडून कुणी म्हणत नसे, जवळ जाऊन म्हणत. दिंडोरीकडचा कोंडाजी म्हणून जुना माणूस होता, त्याची बायको गेली तेव्हा तो तीन महिने खिच होता. रोजच्या कामाच्या कार्डावर त्याचे पार्ट पूर्ण भरलेले असत.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास दत्तू खिच झाला.

दत्तू एकतीस वर्षं प्रेसवर. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण माझ्या ताटातलं अन्न कधी टाकलं नाही त्यानं. त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी त्यानं लपवला. चहाचा कप डाव्या हातात घ्यायला लागला, तेव्हाच मी ओळखलं. मग कप दोन्ही हातांनी धरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. असा हात घेऊन प्रेसवर बसणं म्हणजे पंजा घालवणं, हे प्रेस शॉपमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच्या शेजारी गोरक्ष बसायचा, सटाण्याकडचा, धिप्पाड, पस्तिशीचा. त्यानं एक शब्द न बोलता दत्तूची प्रेस घेतली. स्वतःची आणि त्याची अशी दोघांची कामं तो आणि आणखी तिघे मिळून आळीपाळीनं ओढायचे. दत्तू मागे स्टुलावर बसून पार्टच्या कडा घासायचा, खराब पार्ट बाजूला काढायचा. कार्डावर नाव दत्तूचंच.

त्याला यंदाच्या तीस सप्टेंबरपर्यंत काढायचं होतं. त्या दिवशी तो निवृत्त होणार होता. आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी माणसाच्या मशीनपुढं नारळ फोडतात, गळ्यात हार घालतात, आणि पाच मिनिटं चौदाच्या चौदा प्रेस बंद करतात. एरवी शिफ्ट चालू असताना त्या एकदम कधीच थांबत नाहीत. त्या शांततेत दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतात आणि मधून तो माणूस आपल्या मशीनपासून गेटापर्यंत चालत जातो. दत्तूनं एकतीस वर्षांत असे कितीतरी जण पोचवले होते. एकदा डबा धुताना तो मला म्हणाला, "लताबाई, मला काय नको. तेवढं एकदा त्या गेटातून नीट चालत बाहेर पडू द्या."

"पडशील रे," मी म्हटलं. "हार मी स्वतः निवडून आणीन."

यंदा जानेवारीत ऑफिसात चैताली नावाची मुलगी आली. कामगारांचं बघायला. ओझरची, वडील तिथल्या विमानाच्या कारखान्यात. साहेबी थाट नव्हता. मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची आणि माझ्याच कट्ट्यावर बसून जेवायची. एक दिवस तिनं "चप" ऐकलं आणि विचारलं. मी उडवून लावलं. पण ती चिवट निघाली. मराठी भाषा गौरव दिनाला कंपनीत एक फलक करायचा आहे, दरवर्षी तीच ती शुभेच्छांची वाक्यं लिहितात, यंदा आपल्याच कंपनीची बोली लिहू, असं तिच्या मनात होतं. म्हणाली, "मावशी, ही तुमची भाषा आहे. पुस्तकात पण नाही सापडायची. आणि ती सगळी तुम्हालाच येते."

मी आठवी शिकले. माझं नाव रेशनकार्डावर आणि मतदारयादीत सोडलं तर कुठं छापून आलेलं नाही. माझा मुलगा संघर्ष कॉलेजात शिकवतो, घरात पुस्तकांची कपाटं आहेत, पण त्या घरातसुद्धा "आईला विचारू" असं लोक भाजीत मीठ किती, यापलीकडे म्हणत नाहीत. आणि ही शिकलेली मुलगी वही उघडून माझ्यासमोर बसली. मी फुगले. दुसरा शब्द नाही त्याला.

तीन दुपारी मी सांगत होते आणि ती लिहीत होती. कोणता शब्द कधी म्हणतात, कुणी पहिल्यांदा काढला, सगळं. ती खळखळून हसायची, तसा मला आणखी चेव यायचा. तिसऱ्या दिवशी तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, सगळे गमतीचे आहेत. मनाला लागेल असा एखादा आहे का?"

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, हिला कळू दे. वर काचेच्या केबिनीत बसणाऱ्यांना वाटतं, खाली नुसती कामचुकार, शिव्या देणारी माणसं आहेत. त्यांना कळू दे की माझी माणसं कशी आहेत. मी तिला खिच सांगितला. सांगताना माझे डोळे भरले, तिचेही भरले. दत्तूचं नाव मी घेतलं नाही. तेवढं शहाणपण मी दाखवलं, असं मला त्या वेळी वाटलं.

सत्तावीस फेब्रुवारीला फलक लागला. कॅन्टीनच्याच भिंतीवर, टपोऱ्या अक्षरात. वर लिहिलं होतं, आपली बोली. खाली कोपऱ्यात, माहिती देणाऱ्या लताबाई. मी दोनदा चष्मा पुसला. सकाळीच त्याचा फोटो काढून संघर्षला पाठवला, त्यानं तो लगेच स्टेटसला लावला. फर्स्ट शिफ्टची माणसं नाश्त्याला आली, फलकापुढं गर्दी झाली. हसणं सुरू झालं. मग पुढचे गप्प झाले. मग मागचे गप्प झाले. गोरक्षनं वळून माझ्याकडे बघितलं. फलकावर शेवटचा शब्द होता: खिच. ज्याला आज जमत नाही त्याचं काम इतरांनी गुपचूप करणे, आणि कार्डावर त्याचंच नाव लिहिणे.

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. कार्डाचंही मी सांगितलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

फलक उतरवायला मी चैतालीला हाक मारणार, एवढ्यात रविराज साहेब आले. ते आमचे मॅनेजर. दरवर्षी या दिवशी दोन शब्द बोलायला येतात. फलक वाचत वाचत ते हसत होते. "चप म्हणजे मी होय?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. शेवटच्या ओळीपाशी मात्र ते थांबले. पुन्हा वाचली. मग शांतपणे विचारलं, "आत्ता खिच कोण आहे?"

साठ माणसं होती. चहा उकळत होता, त्याचाच काय तो आवाज.

"हे बघा," ते म्हणाले, "मला कुणाला शिक्षा करायची नाहीये. पण ही प्रेस आहे. ज्याला जमत नाही तो माणूस प्रेसजवळ आहे आणि मला माहीत नाही, हे चालणार नाही. उद्या कुणाचा पंजा गेला तर त्याच्या बायकोला काय सांगू?"

वाईट हे, की त्यांचं चूक नव्हतं. दत्तूनं अकरा महिने प्रेसला हातही लावला नव्हता, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे नाव सांगायचं. जन्मभर ज्या तोंडानं सगळ्यांना गप्प केलं, ते तोंड त्या वेळी उघडलंच नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "सगळी कार्डं तपासू. ज्यानं दुसऱ्याच्या नावावर काम लिहिलंय, तो उद्यापासून घरी."

गोरक्षला दोन लहान मुली आहेत. तो खाली बघत उभा होता. त्याच्या मागून दत्तू पुढे आला. उजवा हात तो नेहमी खिशात ठेवायचा. त्यानं तो खिशातून काढला आणि वर केला, शाळेत मूल करतं तसा. हात सगळ्यांसमोर थडथड हलत होता आणि त्यानं तो खाली घेतला नाही.

"मी आहे, साहेब," तो म्हणाला. "पोरांचा दोष नाय. मीच सांगितलं व्हतं त्यांना."

त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते खोटं होतं, आणि बावीस वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं.

पुढचं कंपनीच्या नियमानं झालं. तपासणी झाली, कामाला अपात्र असा शेरा आला. बसून करायचं काम द्या म्हणून माणसं ऑफिसात जाऊन आली, पण तशी जागा कागदावर नव्हती. मार्चच्या दहा तारखेला, मंगळवारी, दुपारी बारा वाजता दत्तू ऑफिसच्या बाजूच्या लहान दारानं बाहेर पडला. डबा, चपला आणि एक टॉवेल एवढं सामान. प्रेस चालू होत्या. मी कॅन्टीनच्या खिडकीतून बघत होते आणि मला बाहेर जायचं धैर्य झालं नाही. गोरक्षला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

फलक लागला त्याच दिवशी चैतालीनं तो फाडला होता. माझ्यापाशी येऊन रडली. मी तिला म्हटलं, "तुझी चूक नाही गं. तू ऐकलंस. बोलले मी."

मला कुणी काही बोललं नाही. एवढं तरी करायला हवं होतं त्यांनी. चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ दिल्या असत्या, रडले असते आणि मोकळी झाले असते. तसं काही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्या कट्ट्यावर सगळे पूर्ण शब्द बोलायला लागले. "लताबाई, दोन चपात्या द्या." "लताबाई, उसळ आहे का?" नम्रपणे. जी पोरं मला मावशी म्हणत, तीही लताबाई म्हणायला लागली. मी टोमणा मारला तर हसायचे, पाहुण्याच्या विनोदाला हसतात तसे. आणि जेवताना आपसात वेगळंच काहीतरी बोलायचे. खाण्याचे शब्द गेले होते. आता कसलेसे आकडे होते, बसच्या थांब्यांची नावं होती. मी कान देऊन ऐकलं, मला एकही कळला नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी दत्तूच्या घरी गेले. अशोकनगरात दोन खोल्या आहेत. त्याची बायको नवसाबाई दारात होती. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं. दत्तू खाटेवर बसला होता. मी म्हटलं, "दत्तू, माझं चुकलं. मला माफ कर." एवढं बोलायला मला दीड महिना लागला होता.

त्यानं उजवा हात मांडीखाली घेतला. मग म्हणाला, "राग नाय असं म्हणायला पायजे. पण हाय. खोटं कशाला बोलू?"

"असू दे," मी म्हटलं.

"सात महिने राह्यले व्हते, लताबाई."

"माहीत आहे मला."

नवसाबाईनं चहा टाकते म्हटलं. मी थांबले नाही. त्याला माझ्यासमोर कप धरावा लागला असता. ते मला बघवलं नसतं.

पावसाळा गेला, गणपती गेले. मी कामावर जात होते, येत होते. घरी संघर्ष म्हणाला, आई, आता सोड ते काम. मी म्हटलं, सोडलं तर त्यांना बरंच वाटेल, म्हणून सोडत नाही. खरं तर मला वाटत होतं, एखाद्या दिवशी कुणी चुकून अर्धा शब्द बोलेल.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टेबलांवर कुजबुज वाढली होती. माणसं डोकी जवळ घेऊन बोलत. चिठ्ठ्या फिरत होत्या. मी वाढायला गेले की बोलणं थांबत नसे, तसंच चालू राही. माझ्यासमोर, माझ्या डोक्यावरून. मला वाटलं, बोनसचं काहीतरी असेल.

त्या बुधवारी तीन वाजता फर्स्ट शिफ्ट सुटली. सुटल्यावर सगळे चहा घेऊन मग घरी जातात, बावीस वर्षांची सवय आहे. मी साठ कप मांडले, चहा गाळला. कुणी आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खिडकीतून बघितलं तर गेटाबाहेर मोटारसायकली एकामागून एक निघत होत्या, सगळ्या एकाच दिशेला, अशोकनगरकडे. एकाच्या मागे बसलेल्या माणसाच्या मांडीवर भला मोठा हार होता, केळीच्या पानात गुंडाळलेला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तीस तारीख होती.

मला किती आनंद झाला हे कुणाला सांगून पटणार नाही. रिक्षा करून मी दहा मिनिटांत पोचले असते. पदर खोचलासुद्धा. पण बोलावणं नव्हतं. मी चहा मोरीत ओतला आणि साठ कप धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष एकटाच कट्ट्यापाशी आला. इतरांच्या आधी. उगाच कपाळ पुसत उभा राहिला.

"काल दत्तूनानांचा कार्यक्रम झाला," तो म्हणाला. "गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चालवत नेलं त्यांना. दोन्ही बाजूंनी उभं राह्यलो. साहेब बी आले व्हते."

"चालला का नीट?"

"हां. नीट चालले."

"हार चांगला होता," मी म्हटलं. "बघितला मी खिडकीतून."

त्यानं एकदा मागे वळून बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला बोलवायचं व्हतं, लताबाई. नानांनी पण विचारलं, त्या नाय आल्या का? पण बोलवायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं. अन् तुम्हाला काय सांगायचं म्हटलं, की आता समद्यांना भ्याव वाटतं."

हे तो रागानं बोलला असता तर मी भांडले असते. तो लाजून बोलला, आपलंच काही चुकल्यासारखं. मागे माणसं रांगेत उभी राहत होती. मी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि पुढच्याला विचारलं, तुला काय देऊ.